मुलांना वाचवायचं, पण कुणापासून?

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला नजरकैद म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. १९२४ ते १९३७ सावरकर इथे स्थानबद्ध होते, जिल्ह्याबाहेर जायची मुभा नव्हती. पाहुणे आले की आपण त्यांना थिबा पॅलेस दाखवतो, पतितपावन मंदिर दाखवतो आणि हे सगळं सांगतो.

या दोघांच्या बाबतीत निदान कारण तरी माहीत होतं. एक हरलेला राजा होता, दुसरा राजकीय कैदी. पण त्याच काळात याच देशात लाखो लोक असे होते की ज्यांना परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं आणि त्यामागे एकच कारण होतं, ते ज्या जमातीत जन्मले ती जमात. त्यांच्या नजरकैदेचा राजवाडा कुठे नाही, त्यामुळे तो दाखवायलाही कुणी नेत नाही.

‘झूलॉजीत एम.एस्सी. करून हे काय इतिहासाचं चालवलंयस?’ हा प्रश्न मला घरी आणि बाहेर नेमाने विचारला जातो. थोडक्यात सांगते. माझा पीएच.डी.चा विषय आहे ‘आनुवंशिकता’ या कल्पनेचा प्रवास. आईबापांकडून मुलांकडे काय जातं, या प्रश्नाचं जीवशास्त्राने दिलेलं उत्तर एक, आणि सरकारने, पोलिसांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी धरून चाललेलं उत्तर दुसरं. या दोन उत्तरांमधल्या फटीत काही पिढ्या चिरडल्या गेल्या. आजचा लेख त्या पिढ्यांतल्या मुलांबद्दल आहे.

सुताराचा मुलगा सुतार

१८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडच्या प्रांतांना लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला आणि आपल्याकडचे पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी अशा अनेक जमातींभोवती त्याचा फास आवळला गेला.

मी अभ्यास सुरू केला तेव्हा माझी समजूत अशी होती की या कायद्यामागे ‘गुन्हेगारी रक्तात असते’ असा काहीतरी बनावट जीवशास्त्रीय सिद्धांत असणार. कागद वाचल्यावर कळलं की प्रकरण जरा वेगळं आहे. कायदा मांडणाऱ्यांचा युक्तिवाद रक्तापेक्षा जातीचा होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसाच चोराचा मुलगा चोर होणार. हा त्यांचा पिढीजात धंदा आहे आणि घरातली वडीलधारी माणसं तो मुलांना शिकवतात. रक्ताची आणि कवटीच्या मापांची भाषा पुढे जोडली गेली. मूळ भीती होती ती शिकवणुकीची. आजोबा नातवाला काय सांगतो, याची.

हे एकदा लक्षात आलं की पुढची पायरी आपोआप समजते. आजोबाच मुलाला बिघडवत असेल, तर मुलाला आजोबापासून तोडायला हवं. १८९७ च्या दुरुस्तीने नेमकी तशी सोय केली. ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वेगळ्या सुधारगृह-वसाहती काढण्याचा आणि मुलांना आईबापांपासून काढून तिथे ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. पुढे खालची वयोमर्यादा ४ वरून ६ वर गेली. चार वर्षांचं पोर म्हणजे आपल्याकडे बालवाडीतलं. त्याच्याबद्दल हे लिहिलंय, हे वाचताना मला दोनदा पान उलटून खात्री करावी लागली.

मोठ्यांसाठी होती हजेरी. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी जाऊन हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचं तर दाखला घ्यायचा. बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. (गुन्ह्यांच्या तपासात बोटांचे ठसे वापरण्याची पद्धत ज्या देशात मुरली त्यांत हिंदुस्थान पहिल्या रांगेत होता. ठशांवर १८९२ मध्ये पुस्तक लिहिणारा गॉल्टन आणि ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवणारा गॉल्टन एकच. त्यावर पुन्हा कधीतरी.)

सोलापूरची सेटलमेंट

महाराष्ट्रातलं या कायद्याचं सगळ्यात ठळक ठिकाण म्हणजे सोलापूर. तिथे तारेच्या कुंपणाच्या आत वसाहत होती. अमेरिकन मराठी मिशनने ती काही काळ चालवली. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा कारभार बराच काळ ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे होता. सोलापूर, हुबळी, गदग अशी गावं निवडण्यामागे हिशेब होता. तिथे कापडगिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते आणि वसाहतीतल्या माणसाला काम सोडून जायची सोय नव्हती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वसाहती चालवणाऱ्यांपैकी अनेकांना खरोखर वाटत होतं की आपण भलं करतोय. मुलांना शाळा सक्तीची होती. अनेक घरांतली पहिली अक्षरं तिथेच गिरवली गेली. चांगल्या वागणुकीच्या कुटुंबांना कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहायला मिळे. सोलापुरात आजही पत्त्यांमध्ये ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहितात. पण शाळा आणि हजेरी एकाच आवारात असतील, तर मूल पहिला धडा कोणता शिकतं? आपली भाषा, आपले देव, आपली माणसं ही लपवण्याची गोष्ट आहे, हा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा उठवला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तोवर सुमारे १२७ जमाती यादीत होत्या. ‘गुन्हेगार’ ऐवजी ‘विमुक्त’ हा शब्द आला. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर जमातीऐवजी माणूस आला, पण पोलिसांच्या मनातली यादी तीच राहिली.

समुद्रापलीकडे

हे सगळं फक्त आपल्याकडे झालं असं नाही. ऑस्ट्रेलियात साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या आदिवासी मुलांना सरकार आणि मिशन यांनी घरांतून उचलून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांमध्ये ठेवलं. त्या पिढ्यांना आज ‘स्टोलन जनरेशन्स’, चोरलेल्या पिढ्या म्हणतात. १९९७ च्या चौकशी अहवालात त्यांच्या कहाण्या एकत्र आल्या आणि १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. आपल्या संसदेने विमुक्तांची अशी माफी अजून मागितलेली नाही, हे जाता जाता नोंदवते.

ऑस्ट्रेलियाचं नाव काढायचं कारण माफी नव्हे, त्यानंतरचा प्रश्न आहे. तोडलेलं पुन्हा जोडायचं कसं, आणि ते कुणी? मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात युएंडुमू नावाची वॉर्लपिरी लोकांची वस्ती आहे. १९९०च्या दशकात तिथली पोरं पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला लागली. बाहेरचे उपाय चालेनात. १९९४ मध्ये वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की या मुलांना माउंट थिओला न्यायचं. ही त्यांची परंपरागत जागा, युएंडुमूपासून दीडशे किलोमीटरहून जास्त दूर. तिथे पेट्रोल मिळण्याचा प्रश्न नाही. पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन या आजी आणि त्यांचे सोबती मुलांबरोबर राहिले. शिकार, जमिनीच्या गोष्टी, कुणाचं कुणाशी काय नातं, हे सगळं शिकवणं सुरू झालं. काही वर्षांत वस्तीतलं पेट्रोल हुंगणं थांबलं.

आता १८९७ ची दुरुस्ती आठवा. त्या कायद्याच्या नजरेत मुलाला धोका होता आजीपासून. माउंट थिओमध्ये तीच आजी औषध ठरली.

छारानगर आणि मंगरूळ चव्हाळा

आपल्याकडे असं काही घडलंय का? घडलंय, आणि फार लांब नाही.

अहमदाबादचं छारानगर हीदेखील अशीच जुनी वसाहत. तिथले छारा आणि आपल्या पुण्या-कोल्हापुरातले कंजारभाट एकाच गोतावळ्यातले. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. छारानगरच्या पोरांनी ग्रंथालय मागितलं, ते झालं, आणि त्या ग्रंथालयातून नाटकमंडळी निघाली, बुधन थिएटर. ३१ ऑगस्ट १९९८ ला त्यांनी बुधनवरचं नाटक केलं. न पाहिलेल्या, शेकडो कोस दूरच्या माणसाचं नाटक, पण करणाऱ्या प्रत्येकाला पोलीस घरात कसे शिरतात हे पाठ होतं. पंचवीसहून अधिक वर्षं हे चालू आहे. मोठी मुलं धाकट्यांना तालमीत घेतात. त्यांच्यातून वकील, पत्रकार, सिनेमावाले निघालेत.

महाराष्ट्रातलं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा नावाचं गाव आहे. तिथे मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये फासेपारधी मुलांसाठी शाळा सुरू केली. ते स्वतः फासेपारधी. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली. शाळेचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. शाळेला असं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही, आणि इतकं नेमकंही. स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणारी, पालांवर फिरणारी मुलं तिथे आली. २०१९ पर्यंत ती संख्या चारशेच्या वर गेली. त्याच वर्षी समृद्धी महामार्गाच्या रेट्यात शाळेची काही बांधकामं गेली, त्यात ग्रंथालयही होतं.

पारध्यांच्या मुलांसाठी शाळा इतरांनीही काढल्या, आणि चांगल्या काढल्या. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीचं काम १९९३ पासूनचं आहे, आणि गिरीश प्रभुणे यांच्या नावामुळे अनेकांना माहीत असेल. मग शिकवणारा आपल्यातला असल्याने असा काय फरक पडतो? पडतो. शाळेत मूल पहिल्यांदा येतं तेव्हा त्याला पारधी बोली येते, मराठी नाही. ती बोली कळणारा शिक्षक आणि न कळणारा शिक्षक यांच्यापुढे एकच मूल एकदा हुशार आणि एकदा ढ ठरतं. दुसरं म्हणजे, सुट्टीत घरी गेलेलं मूल परत आलं नाही तर कुठल्या पालावर विचारायचं, हे त्यालाच माहीत असतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. मुलासमोर एक मोठा माणूस उभा असतो जो पारधी आहे आणि सर आहे. ‘आपल्यातलं कुणी सर असू शकतं’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लाव्याचा आवाज

आता माझी गोष्ट. ही सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार करत होते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही सोलापूरच्या बाजूच्या माळरानावर पक्षी मोजायला गेलो होतो. आमच्याकडे दुर्बिणी, पुस्तकं, तक्ते. जवळ एक पाल होतं, तिथला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आमच्या मागे मागे यायचा. मी गवतात काहीतरी हललं म्हणून पानं चाळत होते, तोवर त्याने नुसत्या आवाजावरून सांगितलं, हा लावा, तो तितर, आणि तितर एकटा नाहीये. मग तोंडाने त्याने तितराची हाक काढली आणि गवतातून उत्तर आलं. आम्ही खूश. दोन दिवस तो आमचा गुरूच होता.

तिसऱ्या दिवशी एक दुर्बीण सापडेना. आणि आमच्यापैकी प्रत्येकाची नजर एकाच दिशेला गेली. माझीसुद्धा. आमच्यातले दोघं पालावर जाऊन विचारून आले. कसं विचारलं असेल ते तुम्ही ओळखा. संध्याकाळी दुर्बीण गाडीच्या सीटखाली मिळाली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. आम्हीही गेलो नाही, परतीची घाई होती.

‘फासेपारधी’ या नावातच फास आहे. गवतात फास लावून तितर-लावे धरणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार हा गुन्हा झाला. कायदा गरजेचा होता, मी प्राणिशास्त्राची आहे, मला त्याबद्दल शंका नाही. पण माळरानाचं इतकं बारीक ज्ञान असलेल्या माणसांना त्या ज्ञानाचं दुसरं काय करता येईल, हे कुणी विचारलं नाही. मध्य प्रदेशात पन्नाला हा प्रश्न विचारला गेला. २००९ पर्यंत तिथले वाघ संपले होते आणि शिकारीसाठी बोट पारध्यांकडे होतं. पुढे त्याच पारधी तरुणांना वाटाडे म्हणून तयार केलं गेलं, आणि पर्यटक आता त्यांच्याबरोबर जंगलात पायी फिरतात. आजोबाने शिकवलेली हाक तीच, तिचा उपयोग बदलला.

आम्हाला त्या मुलाचं ज्ञान हवं होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायची मात्र आमची तयारी नव्हती. माझ्या संशोधनाची सुरुवात कुठल्या पुस्तकात झाली असं कुणी विचारलं तर मी काहीबाही सांगते. खरं उत्तर ती गाडीची सीट आहे.

दोन अडचणी

इथपर्यंत वाचून वाटेल की समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती सगळं सोपवलं की झालं. तसं नाही.

पहिली अडचण घरातली. वडीलधारी माणसं म्हणजे जातपंचायतही. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीची कौमार्य चाचणी घेण्याची प्रथा आहे. तिच्याविरुद्ध २०१७-१८ च्या सुमारास आवाज उठवला तो त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी, आणि त्यांना पंचांचा रोष पत्करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा नुकताच २०१७ मध्ये लागू झाला होता. म्हणजे ‘आपली संस्कृती’ हे गाठोडं जसंच्या तसं पोरांच्या डोक्यावर द्यायचं नाही. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचा हक्क पोरांनाही हवा. हे काम बाहेरच्याने केलं तर तो हल्ला वाटतो, आतल्याने केलं तर ते भांडण असतं. घरातली भांडणं मिटू शकतात.

दुसरी अडचण बाहेरची, आणि ती जास्त जड आहे. २०१८ च्या जुलैमध्ये पोलीस रात्री छारानगरमध्ये शिरले, लोकांना मारहाण झाली, धरपकड झाली. बुधन थिएटरला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये युएंडुमूत एक १९ वर्षांचा वॉर्लपिरी तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. माउंट थिओला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. समाज आपल्या मुलांना सावरू शकतो. पण दारावर रात्री येणारी थाप त्याच्या हातात नसते. ती थांबवायची जबाबदारी दुसऱ्या कुणाचीतरी आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तुरुंगांतला जातीभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना जन्मजात सराईत समजणाऱ्या तुरुंग नियमांवरही त्यात ताशेरे आहेत, आणि या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलंय. कायदा रद्द झाल्याला तेव्हा ७२ वर्षं होऊन गेली होती.

आणि रत्नागिरी

आपल्या जिल्ह्यात सेटलमेंट नव्हती, म्हणून आपला संबंध नाही असं म्हणता येईल का? विमुक्त आणि भटक्यांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष भिकू रामजी इदाते हे आपल्या दापोलीचे. त्याआधी बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला होता. या अहवालांतून एक साधी, भयंकर गोष्ट दिसते. असंख्य कुटुंबांकडे जन्माचा, जातीचा, राहण्याचा एकही कागद नाही. ज्यांच्या बोटांचे ठसे सरकारने पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्याच मुलांकडे शाळेत द्यायला दाखला नाही.

दिवाळीनंतर आपल्याकडेही पालं पडतात. लहानपणी ‘फिरस्ते आलेत, दारं ओढून घ्या’ हे वाक्य मी आमच्या अंगणात ऐकलंय, आणि म्हणणारी माझी प्रेमळ आजी होती. म्हणजे पिढीजात शिकवण आमच्या घरातही होतीच. १८७१ च्या साहेबाला ज्या शिकवणुकीची भीती वाटत होती, ती त्याने चुकीच्या घरात शोधली.

यंदा पालं पडली तर एवढंच करून बघा. तिथली मुलं कुठल्या शाळेत जातात ते विचारा. जात नसतील तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे कागद नाहीत म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांना माहीत असतं, पण कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. आणि काही हरवलं, तर आधी सीटखाली बघा.

तो मुलगा आता पंचविशीच्या आसपास असेल. पुढच्या हिवाळ्यात मी त्या भागात कामासाठी जाणार आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, कारण तेव्हा विचारलं नव्हतं. तरी शोधणार आहे.

पुढच्या लेखात बोटांच्या ठशांबद्दल.